गेमप्ले रेकॉर्डिंगसाठी कुठला ड्राइव्ह घेऊ? हार्डडिस्कवर व्हिडिओ अडकतोय

काळाचौकी_रेसर:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचत असतो, आज अडलंय म्हणून लिहितोय. पीसीवर गेमप्ले रेकॉर्ड करतो, जास्त करून कार रेसिंग आणि मूड असला तर शूटर, मराठी कॉमेंट्री टाकून यूट्यूबवर चढवतो. चॅनल छोटंसंच आहे पण क्वालिटीच्या बाबतीत मी जरा किडा आहे, एडिटमध्ये ओव्हरटेक स्लो करून झूम करून दाखवतो आणि तिथे रस्त्याकडेच्या गवतात चौकोन चौकोन दिसले की डोकंच फिरतं.

सिस्टीम सांगतो. रायझन ५ ५६००, बी४५० बोर्ड, आरटीएक्स ३०६०, १६ जीबी रॅम. विंडोज ५०० जीबीच्या एनव्हीएमईवर (थेट बोर्डावर बसणारी फास्ट एसएसडी) आहे, ती गळ्यापर्यंत भरलीय. गेम्स आणि रेकॉर्डिंग दोन्ही एकाच २ टीबीच्या साध्या हार्डडिस्कवर. मॉनिटर १४४०पी १४४ हर्ट्झ, रेकॉर्डिंग १४४०पी ६० फ्रेम, त्यासाठी ओबीएस हे सॉफ्टवेअर वापरतो.

वांदा असा आहे की पहिलं मिनिट-दोन मिनिटं व्हिडिओ फर्स्टक्लास येतो आणि मग झटके सुरू. गेम चालू असताना समोर फारसं जाणवत नाही, कधीकधी पुढच्या वळणावरची झाडं उशिरा उगवतात तेवढंच, पण फाइल उघडली की बोंब. टास्क मॅनेजरमध्ये हार्डडिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली असते, रॅम हळूहळू चढत जाते, आणि स्टॉप दाबलं की ओबीएस 'स्टॉपिंग रेकॉर्डिंग' म्हणत बसून राहतं, तोपर्यंत माझा चहा पिऊन होतो.

शनिवारी लॅमिंग्टन रोडला चक्कर मारली. एक दुकानवाला म्हणाला जेन ४ ची (एनव्हीएमईची जेन ३ नंतरची फास्ट पिढी), सेकंदाला ७००० एमबी स्पीडवाली घ्या, त्याशिवाय हाय क्वालिटी रेकॉर्डिंग होणारच नाही. शेजारच्याने सीसीटीव्हीची हार्डडिस्क काढून दाखवली, म्हणे साहेब ही बनलीच आहे रेकॉर्डिंगसाठी. मित्र म्हणतो साधी साटा एसएसडी (हार्डडिस्कसारख्याच जोडणीवर चालणारी, एनव्हीएमईपेक्षा मंद) घे आणि विषय संपव. तिघांनी तीन सांगितलं, आता तुम्ही सांगा. पैसे आहेत पण उडवायला नाहीत.

मुलुंडकर_०७:

जेन ४ घे भावा डोळे मिटून. हार्डडिस्कचा जमाना गेला. एकदाच खर्च होईल पण पुढची पाच वर्षं बघायला नको.

ठोकळा_पीसी:

ओ मुलुंडकर, पोराचा बोर्ड तरी वाचा. बी४५० आहे, त्यावर जेन ४ मिळतच नाही, ७००० वाली लावली तरी जेन ३ वरच पळणार म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास. दुकानवाल्याने बोर्ड कुठला ते विचारलं पण नसणार.

आणि तेवढ्याचीही गरज आहे का हा खरा प्रश्न. रेसर, तू सगळं सांगितलंस पण जे सांगायला हवं होतं तेच राहिलं, ओबीएसमध्ये बिटरेट किती आणि रेकॉर्डिंग क्वालिटी काय ठेवलीयस? ड्राइव्हचा स्पीड रिझोल्यूशनवर नाही ठरत, सेकंदाला किती डेटा लिहिला जातोय त्यावर ठरतो. हिशोब सोपा आहे, ओबीएस मेगाबिटमध्ये बोलतं आणि ड्राइव्ह मेगाबाइटमध्ये, म्हणून आठाने भाग. ५० मेगाबिटचं रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी. ८० म्हणजे १० एमबी. अगदी फोरके ६० ला १५० मेगाबिट दिलेस तरी १९ एमबीच्या आत. लॅपटॉपमधली म्हातारी हार्डडिस्कसुद्धा सलग लिहायला ८०-१०० एमबी देते. म्हणजे नॉर्मल सेटिंगला तुझी डिस्क १०० टक्क्यांना जायचं कारणच नाही, नक्की काहीतरी झोल आहे. आउटपुट टॅबमध्ये काय दिसतंय ते लिही.

काळाचौकी_रेसर:

ठोकळा दादा, आउटपुट मोड सिंपल आहे, रेकॉर्डिंग क्वालिटीमध्ये सगळ्यात खालचा ऑप्शन घेतलाय, लॉसलेस. सिलेक्ट करताना एक वॉर्निंग आली होती, फाइल खूप मोठी होईल वगैरे, मी ओके केलं. क्वालिटी पाहिजे म्हणूनच घेतलाय तो.

ठोकळा_पीसी:

सापडलं बघ. ती वॉर्निंग नीट वाचलीस तर त्यात मिनिटाला ७ जीबीच्या वर जागा लागू शकते असं ओबीएस स्वतः सांगतं, ७ जीबी मिनिटाला म्हणजे सेकंदाला साधारण ११७ एमबी.

तुझ्या केसमध्ये अजून जास्त. २५६० गुणिले १४४०, गुणिले ६० फ्रेम, पिक्सेलला दीड बाइट धर, सेकंदाला ३३० एमबीच्या वर कच्चा माल निघतो. लॉसलेस मोडमध्ये ओबीएस यूटी व्हिडिओ नावाचा कोडेक वापरून एव्हीआय फाइल बनवतं, तो काही न घालवता दाबतो त्यामुळे समज निम्म्यावर आलं तरी दीडशे-पावणेदोनशे एमबी सेकंदाला, सतत, न थांबता. गवत, झाडं, पाऊस असली गिचमिड समोर आली की त्याहून जास्त. आणि हे सगळं त्याच डिस्कवर जिच्यातून गेम झाडं उचलतोय. डोकं एकच आहे बिचारीचं, लिहायला इकडे पळायचं आणि वाचायला तिकडे. सुरुवातीची दोन मिनिटं निभावतं कारण विंडोज आणि ओबीएस रॅममध्ये साठवून घेतात, म्हणून तुझी रॅम चढते, आणि स्टॉप दाबल्यावर जे बसून राहतं ते साठलेलं खाली उतरवत असतं.

तर ड्राइव्ह नंतर बघू. आधी आउटपुट मोड अॅडव्हान्स्ड कर, एन्कोडर एनव्हेंक घे (म्हणजे व्हिडिओ दाबायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं), एचईव्हीसी किंवा एच २६४ (दाबायच्या दोन पद्धती), रेट कंट्रोल सीक्यूपी (बिटरेट न ठरवता क्वालिटी ठरवायची), आकडा १८. आकडा जितका लहान तितकी क्वालिटी जास्त आणि फाइल मोठी. ३०६० मध्ये एव्ही१ (त्याहून नवी पद्धत) एन्कोडर नाहीये, तो ४० सीरीजपासून, पण काही अडत नाही. फाइल एमकेव्हीमध्ये ठेव, मध्येच लाइट गेली किंवा ओबीएस मेलं तर साध्या एमपी४ ची फाइल उघडतच नाही, एमकेव्ही तिथपर्यंतची मिळते. एडिटरला एमपी४ च हवी असेल तर फाइल मेनूत रिमक्सचा ऑप्शन आहे, पटकन होतं, क्वालिटी जराही जात नाही.

कट_टू_कट:

मी दादरला एका स्टुडिओत एडिटिंग करते, दिवसभर हेच. ठोकळाचं गणित बरोबर आहे पण रेसरचंही पूर्ण चुकीचं नाही हां. झूम करून स्लो दाखवायचं असेल तर सोर्स फाइल भक्कमच पाहिजे. यूट्यूब तुमच्या फाइलचं परत दाबून काय ते करतंच, त्यांचीच शिफारस १४४०पी ६० फ्रेमसाठी २४ मेगाबिट अपलोडची आहे, म्हणून लोक म्हणतात एवढं रेकॉर्ड करून काय उपयोग. पण ते अपलोडचं झालं. मध्ये एडिटमध्ये तुम्ही दोनशे टक्के झूम मारता, कलर ओढता, परत एक्सपोर्ट करता, प्रत्येक वेळी काहीतरी गळतं, त्यामुळे सोर्समध्ये ८०-१०० मेगाबिट असणं ही चैन नाही. पण दीडशे एमबी सेकंदाला? ते नाही.

आता एक गोष्ट जी लॉसलेसवाले विसरतात. ओबीएसचा कलर फॉरमॅट डिफॉल्टला एनव्ही१२ असतो, त्यात प्रत्येक चार पिक्सेलमागे रंगाची माहिती एकदाच ठेवली जाते. म्हणजे तू लॉसलेस लावतोस तेव्हा रंगाचं रिझोल्यूशन आधीच पावपट झालेलं असतं, आणि मग त्या पावपट रंगाची तू इमानेइतबारे शंभर टक्के कॉपी करतोयस. रेसिंग गेममध्ये पुढच्या गाडीचे लाल टेललाइट किंवा स्क्रीनवरचं बारीक लाल अक्षर झूम करून बघ, कडा विसविशीत दिसतील, आणि तो दोष बिटरेट कितीही वाढवलास तरी जाणार नाही. ते खटकत असेल तर अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये कलर फॉरमॅट आय४४४ करून एनव्हेंकवर एचईव्हीसी लाव आणि तुझा एडिटर ती फाइल उघडतो का ते आधी दहा सेकंदाच्या क्लिपवर बघ, सगळे उघडत नाहीत. माझ्या मते सीक्यूपी १६ ते १८ आणि नॉर्मल एनव्ही१२, यात नव्वद टक्के लोकांना लॉसलेसशी शेजारी शेजारी लावूनही फरक सांगता येत नाही. मला येतो, पण मला त्याचा पगार मिळतो.

आणि कॉमेंट्रीचा माइक वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर घे, विषय नाहीये हा पण सांगून ठेवते, गेमच्या आवाजात मिसळलेला आवाज नंतर वेगळा करत बसणं म्हणजे शिक्षा आहे.

गिरगाव_नाना:

हार्डडिस्कला एवढी नावं ठेवू नका रे पोरांनो, अख्खी टीव्ही इंडस्ट्री त्यावर चालत होती. फक्त कुठली डिस्क आहे ते बघा.

२ टीबीची साधी डेस्कटॉप डिस्क म्हणजे बहुतेक एसएमआर असणार. सीगेटची बाराकुडा २ टीबी तर एसएमआरच आहे. यात ट्रॅक एकावर एक चढवून लिहितात, मंगलोरी कौलं जशी एकमेकांवर चढवून बसवतात तशी. जागा वाचते, स्वस्त पडते. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली सगळी उचलावी लागतात, तसंच इथे मधल्या एका ट्रॅकवर लिहायचं तर पुढचे सगळे ट्रॅक वाचून परत लिहावे लागतात. हे लपवायला डिस्कवर एक छोटा सरळ भाग राखून ठेवलेला असतो, आधी तिथे लिहायचं आणि मोकळ्या वेळात कौलाखाली सरकवायचं. तुम्ही सलग धो धो लिहीत सुटलात आणि त्याच वेळी गेमपण तिथेच काही ना काही करतोय तर मोकळा वेळ मिळतच नाही, तो भाग भरतो आणि स्पीड कुठच्या कुठे पडतो. नवीन कोऱ्या डिस्कवर हे दिसत नाही, डिस्क भरत आली, जुन्या फाइली पुसून त्यावर परत लिहायला लागलं की दिसतं. शिवाय कुठलीही हार्डडिस्क बाहेरच्या कडेला जेवढी पळते त्याच्या साधारण निम्मी आतल्या कडेला पळते, आणि डिस्क बाहेरून आत भरत जाते, म्हणून तीच डिस्क भरल्यावर मंद वाटते.

सीएमआर, म्हणजे ट्रॅक शेजारी शेजारी लिहिणाऱ्या डिस्कमध्ये ही कौलांची भानगड नाही. खोक्यावर लिहिलेलं नसतं, मॉडेल नंबरवरून कंपनीच्या साइटवर बघावं लागतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड सीरीजमध्ये न सांगता एसएमआर घातल्यावरून जगभर आरडाओरडा झाला होता, त्यानंतर कंपन्या मॉडेलप्रमाणे यादी द्यायला लागल्या.

सीसीटीव्हीवाली डिस्क वाईट नाही बरं का. दिवसरात्र चालायला बनवलेली असते, सलग लिहायचं काम तिला जमतं, सीक्यूपीवर १० एमबी तर ती डुलक्या घेत लिहील. पण ती काही जादूची नाही, तिच्यावर गेम टाकू नका आणि लॉसलेसची अपेक्षा ठेवू नका. झालेले व्हिडिओ साठवायला उत्तम.

मुलुंडकर_०७:

नाना एवढं सगळं लक्षात ठेवण्यापेक्षा एसएसडी घेतलेली बरी ना. कुठलीही एसएसडी ५०० देते. साटावाली पण.

ठोकळा_पीसी:

कुठलीही नाही देत, हाच तर लोचा आहे. खोक्यावर ५०० लिहिलेलं असतं ते सुरुवातीचं.

आजकालच्या स्वस्त एसएसडीत क्यूएलसी चिप असते, एका सेलमध्ये चार बिट कोंबलेले, लिहायला मुळात मंद. म्हणून कंपनी काही भाग एसएलसी कॅशे म्हणून वापरते, तिथे एका सेलमध्ये एकच बिट, ते झटपट. तो कॅशे भरला की खरा चेहरा दिसतो. सॅमसंगची ८७० क्यूव्हीओ १ टीबी घ्या, कंपनी स्वतः स्पेसिफिकेशनमध्ये लिहिते की कॅशे ४२ जीबीचा आणि तो संपल्यावर ८० एमबी सेकंदाला. ८० म्हणजे चांगल्या हार्डडिस्कपेक्षा कमी. त्यांनी निदान लिहिलंय, बाकी बरेच जण लिहीतही नाहीत. आता रेसरच्या लॉसलेसला ४२ जीबी किती वेळ पुरेल? १६० एमबीने चार-सव्वाचार मिनिटं. म्हणजे मित्राचं ऐकून तो साटा क्यूएलसी घेऊन आला असता तर परत हाच धागा, फक्त दोन मिनिटांच्या जागी चार मिनिटं लिहावं लागलं असतं. तेच सीक्यूपीवर १० एमबी सेकंदाला लिहिलंस तर कॅशे संपला काय न संपला काय, ८० च्या समोर १० म्हणजे काहीच नाही.

बरं एनव्हीएमई आहे म्हणजे सुटलो असंही नाही, एनव्हीएमईतसुद्धा क्यूएलसी भरपूर विकतात आणि कॅशे संपला की तीही शंभराच्या घरात येऊ शकते. शिवाय बऱ्याच ड्राइव्हमध्ये हा कॅशे रिकाम्या जागेतून काढतात, म्हणजे ड्राइव्ह ९० टक्के भरला की कॅशेपण आक्रसतो. पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवावा.

क्रिस्टलडिस्कमार्कचे (ड्राइव्हचा स्पीड मोजणारं सॉफ्टवेअर) स्क्रीनशॉट बघून भुलू नकोस. ती टेस्ट डिफॉल्टला १ जीबीची असते, ती सगळी कॅशेतच मावते, म्हणून कुठलीही फडतूस एसएसडी तिथे हिरो दिसते. टेस्ट साइज ६४ जीबी करून चालव, किंवा दुसऱ्या फास्ट ड्राइव्हवरून शंभरेक जीबीची फाइल कॉपी करून विंडोजचा हिरवा ग्राफ बघत बस. ग्राफ जिथे धाडकन खाली येऊन सपाट होतो, तो तुझा खरा स्पीड. रिव्ह्यू वाचतानाही सस्टेन्ड राइट हा शब्द असलेला ग्राफ शोध, बाकीचं वाचलं नाहीस तरी चालेल.

काळाचौकी_रेसर:

बाप रे, एवढं तर दुकानात कोणी बोललंच नाही. तर रिपोर्ट देतो. कट ताई आणि ठोकळा दादा, तुमच्या सांगण्यावरून एनव्हेंक एचईव्हीसी, सीक्यूपी १८, एमकेव्ही. त्याच हार्डडिस्कवर, त्याच गेममध्ये, पावसाळी ट्रॅकवर मुद्दाम लांब रेस रेकॉर्ड केली. फाइलचा बिटरेट ८० मेगाबिटच्या आसपास निघाला. रॅम चढली नाही, स्टॉप दाबल्या दाबल्या थांबलं, चहा राहिला.

पण दोन गोष्टी. एक, झटके ९५ टक्के गेलेत पण पूर्ण नाही, मध्येच कुठेतरी दोन-तीन फ्रेम खातो, आणि टास्क मॅनेजरमध्ये तेव्हा डिस्क शांत असते. दोन, मी लॉसलेस पूर्ण सोडणार नाहीये, एखादा खास ओव्हरटेक रिप्लेमधून काढताना अर्ध्या मिनिटाची क्लिप लॉसलेसच घेणार, तेवढ्यापुरती. ताई म्हणतील वेडा आहे, असू दे. मग त्या हिशोबाने ड्राइव्ह सांगा.

कट_टू_कट:

वेडा कशाला, अर्ध्या मिनिटाची क्लिप म्हणजे पाच-सहा जीबी, ती कुठल्याही एसएसडीच्या कॅशेत आरामात बसते. रिप्लेमधून काढायची तर घे की लॉसलेस. आमच्याकडे तासंतास लॉसलेस घेऊन हार्डडिस्कची पोती घेऊन येतात त्यांना मी वेडं म्हणते.

उरलेले दोन-तीन फ्रेम ड्राइव्हचे नाहीत. ओबीएसमध्ये व्ह्यू मेनूत स्टॅट्स उघड, तिथे तीन वेगवेगळ्या ओळी आहेत, रेंडरिंग लॅग, एन्कोडिंग लॅग आणि नेटवर्क. नेटवर्क फक्त लाइव्हसाठी. रेंडरिंग लॅगचा आकडा वाढत असेल तर ग्राफिक्स कार्ड गेमनेच पूर्ण खाल्लंय, ओबीएसला सीन बनवायला वेळ उरत नाही. १४४ हर्ट्झ मॉनिटर आहे म्हणून गेम मोकाट सोडला असशील, तो १२० फ्रेमला कॅप कर, ६० च्या बरोबर दुप्पट असल्याने रेकॉर्डिंगमध्ये हालचालही एकसारखी येते. ओबीएस अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू कर, मग विंडोज त्याला ग्राफिक्स कार्डावर जास्त प्राधान्य देतं. लोक झटके आले की पहिला हात ड्राइव्हच्या खरेदीला घालतात आणि हे कोणी उघडूनही बघत नाही.

ठोकळा_पीसी:

ड्राइव्ह सांगतो. १ टीबी टीएलसी एनव्हीएमई (टीएलसी म्हणजे एका सेलमध्ये तीनच बिट, क्यूएलसीपेक्षा लिहायला फास्ट), जेन ३ किंवा स्वस्त मिळाली तर जेन ४, स्पीडचा आकडा बघायचाच नाही, टीएलसी आहे का आणि कॅशे संपल्यावर काय देते एवढंच बघायचं. तिच्यावर गेम्स आणि चालू रेकॉर्डिंग दोन्ही चालतील, एसएसडीला डोकं इकडून तिकडे पळवायचं नसतं त्यामुळे गेम वाचतोय आणि ओबीएस लिहितंय याने काही बिघडत नाही. एडिट झालं की व्हिडिओ हार्डडिस्कवर हलव. तुझी आहे ती २ टीबी डिस्क याला पुरेल, नवी सीसीटीव्हीवाली आत्ता घ्यायची गरज नाही.

एसएसडी झिजेल म्हणून घाबरणारे येतीलच, त्यांच्यासाठी हिशोब. ८० मेगाबिट म्हणजे तासाला ३६ जीबी. सॅमसंग ९७० ईव्हीओ प्लस १ टीबीची वॉरंटी ६०० टीबी लिहिण्यापर्यंतची आहे, म्हणजे साडेसोळा हजार तास रेकॉर्डिंग, रोज दोन तास धरले तरी बावीस वर्षं. मात्र तू रोज तासभर लॉसलेस चालवलंस तर तासाला पावणेसहाशे जीबी, आणि क्यूव्हीओ १ टीबीसारख्या ३६० टीबीवाल्या ड्राइव्हची वॉरंटी पावणेदोन वर्षांतच उडते.

गिरगाव_नाना:

घ्यायला जाशील तेव्हा चार गोष्टी. रविवारी जाऊ नकोस, बहुतेक दुकानं बंद असतात. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतर. बिल पक्कं घे, बिलाशिवाय दोनशे कमी म्हणेल, ते दोनशे वॉरंटीच्या वेळी सव्याज वसूल होतात. दुकानातच मोबाइलवर कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी किती उरलीय बघ, खोक्यावरचा आणि ड्राइव्हवरचा नंबर एकच आहे का ते बघ. घरी आल्या आल्या क्रिस्टलडिस्कइन्फो (ड्राइव्हची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) लाव, पॉवर ऑन अवर्स चार-पाचशे दिसले तर ती नवी नाही, वापरून पॉलिश केलेली आहे, लगेच परत घेऊन जा. हार्डडिस्क घेशील तेव्हा तर जास्तच जप, तो आकडा शून्य करून विकणारेही असतात, २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्का नव्या म्हणून विकल्याचं असंच प्रकरण बाहेर आलं, तेव्हा डिस्कच्या आत फार्म नावाची वेगळी नोंद असते तिच्यातून खरे तास सापडले.

आणि मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत एनव्हीएमई ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली बसली की तापते आणि तापली की स्वतःच स्पीड कमी करते. बोर्डाबरोबर पत्र्याचा हीटसिंक आला असेल तर तो लाव, त्याचं प्लास्टिक काढायला विसरू नकोस. आमच्या शेजारच्या पोराने सगळं जोडलं आणि थर्मल पॅडचं प्लास्टिक तसंच.

मुलुंडकर_०७:

बाहेरून यूएसबीला लावायची एसएसडी नाही का चालणार? लॅपटॉपला पण होईल.

ठोकळा_पीसी:

सीक्यूपीला चालेल, पण मागच्या निळ्या पोर्टात किंवा त्याहून वरच्या. काळ्या यूएसबी २ मध्ये ३५-४० एमबीच मिळतात. आणि खेळताना पायाने केबल हलली की रेकॉर्डिंग गेलं. पेनड्राइव्हचं नावही काढू नका.

काळाचौकी_रेसर:

स्टॅट्स उघडलं, रेंडरिंग लॅगच होता, कॅप लावल्यावर गेला. एनव्हीएमई टीएलसी १ टीबी फायनल. शेवटचा प्रश्न, बोर्डावर पहिल्या स्लॉटात विंडोजवाली बसलीय, नवी दुसऱ्या स्लॉटात लावली तर स्पीड कमी होतो असं कुठेतरी वाचलं. मग दोघींची अदलाबदल करू का?

ठोकळा_पीसी:

अदलाबदल नको, उगाच विंडोज बूट होईना म्हणून परत इथे येशील. बी४५० मध्ये दुसऱ्या स्लॉटचं बोर्डागणिक वेगळं असतं, काहींवर तो स्लॉटच नसतो, काहींवर त्यात फक्त साटावाली एम डॉट टू (त्याच आकाराची, पण साटाच्या स्पीडची एसएसडी) चालते, काहींवर एनव्हीएमई चालते पण कमी लेनवर (लेन म्हणजे डेटा जायच्या वाटा). कमीत कमी लेन मिळाल्या तरी सात-आठशे एमबी सुटतात, तुझी लॉसलेस क्लिपसुद्धा त्यात बसते. पण विकत घ्यायच्या आधी मॅन्युअलचं ते पान उघड, आणि तिथेच बारीक अक्षरात बघ दुसरा स्लॉट भरला की कुठले साटा पोर्ट बंद होतात. तुझी २ टीबी हार्डडिस्क त्यातल्या एकात असेल तर केबल काढून दुसऱ्या पोर्टात लाव, नाहीतर नवी एसएसडी लावल्यावर हार्डडिस्क दिसेनाशी होईल आणि तू नानांना विचारशील दुकानवाल्याने फसवलं का.